सहा चौकोन

एमिलियननं बेचाळीस वर्षं आगगाडीची चाकं कातली.
एकेक चाक तीनशे-साडेतीनशे किलोचं.
घरी यायचा तेव्हा खिशातून, मोज्यांतून, भुवयांतूनसुद्धा
लोखंडाचा कीस गळायचा.
मी लोहचुंबक फिरवून गालिचा साफ करायचे.

आता गालिच्यावर पांढरा भुसा असतो.
त्याला चुंबक चालत नाही,
आणि झाडू नेला की तो झाडूच्या आधी पळतो.

सुरुवात माझ्या स्वयंपाकघरात झाली.
दुकानातून कोंबडी ज्या थर्मोकोलच्या तबकात येते
ते तबक धुऊन वाळत घातलेलं,
कोंबडी अजून ओट्यावर तशीच.
मग जुन्या रेडिओची अँटेना गेली.
नळीच्या तोंडाला कानस मारून धार काढली
आणि तबकातून चकत्या पाडल्या,
मी पेल्यानं पिठाच्या पाडते तशा.
दोन चकत्या चिकटवायच्या, पण आधी आतून कोरायच्या.
आतलं कुणाला दिसतंय? मी विचारलं.
वजनाला दिसतं, म्हणाला.

आसासाठी नळी:
सिगारेटचा कागद, माझ्या सुईवर तीन वेढे, डिंक.
सिगारेट सोडून नऊ वर्षं झाली.
कागद मात्र आणतो. मी मोजून ठेवते.

मग हातड्रिलच्या जबड्यात टाचणी, टाचणीवर चकती,
आणि कडेला पॉलिश-कागद,
ताप आलेल्या बाळाच्या कपाळाला हात लावावा
इतकाच.
तीन फुटली. चौथं गोल झालं.
शिव्या त्याच, कारखान्यातल्या,
पण आता कुजबुजून देतो,
नाहीतर चाक टेबलावरून उडतं.

तराजू विणायच्या सुईचा.
एका पारड्यात चाक, दुसऱ्यात वहीच्या कागदाचे चौकोन,
सेंटिमीटरभर लांब, सेंटिमीटरभर रुंद.
नऊ चौकोन. "जड," म्हणाला.
कमरेचे दोन मणके ज्यानं चाकांखाली घालवले
तो हे म्हणाला.
आणखी कोरलं. सहा चौकोन.
मी गंमत म्हणून डोक्याचा एक केस टाकला पारड्यात.
सुई किंचित झुकली.
"बघ, तुझाही हिशेब लागतो."
याहून बरं काही तो मला बोलल्याचं
आठवत नाही.

पण उडणाऱ्याला चाक हवंच कशाला?
हवेत नुसतं लोंबकळायचं, फुकटचं ओझं.
"चाकं नसतील तर ते विमान नाही, ऑरिका. पतंग झाला."

मार्चमध्ये पहिल्यांदा त्याच्याबरोबर खाली उतरले,
स्लानिकच्या खाणीत.
वर डोंगरात वारा कुत्र्यासारखा मागे लागलेला,
खाली वारा नाहीच. मिठाच्या भिंती,
छत इतकं उंच की मी उगाचच क्रूस केला.
इथं वाऱ्याची भीती नाही,
लोक फक्त एकमेकांच्या शिंकांना भितात.

रबराला चारशे पीळ.
मग सोडलं.
दोन हात धावलं, चाकं फिरली,
मी वाकून पाहिलं, खरंच फिरली,
आणि उठलं.
सावकाश घिरट्या, झोपेत कूस बदलावी तशा.
आठव्या घिरटीला एक चाक निसटलं
आणि खाली यायला इतका वेळ लावला
की आमचं सगळ्यांचं त्यावरून भांडण सुरू झालं, कुठे पडणार.

चाक पांढरं. मीठ पांढरं.
रंग दिला नव्हता, रंगालाही वजन असतं.
गुडघ्यांवर एमिलियन, गुडघ्यांवर मी, नव्या मोज्यांत,
देब्रेत्सेनचा एक दंतवैद्य, कंदील घेऊन,
आणि त्याची सात वर्षांची पोरगी, बोग्लार्का,
जी दिसेल तो पांढरा तुकडा जिभेला लावत होती.
खारट. थुंकायची.
खारट. खारट.
बाप ओरडत होता, ती ऐकत नव्हती.
मग थांबली. तोंड वाकडं केलं.
आपल्या भाषेत काहीतरी म्हणाली.
एमिलियनला हंगेरियन येत नाही,
पण तो धावला:
अळणी!

रात्री खोलीवर त्यानं ते तराजूत ठेवलं.
सात चौकोन.
एक त्या पोरीच्या थुंकीचा.
तो वाळेपर्यंत
आम्ही दिवा न विझवता बसून राहिलो.